बहात्तराव्या हिश्श्याचं हंटर : प्रस्तावना

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या सहा हंटर विमानांनी गोव्यातलं बांबोळीचं बिनतारी केंद्र रॉकेटं आणि तोफा डागून बंद पाडलं. गोव्याच्या कारवाईसाठी हवाई दलाने विमानं दोन तळांवर आणून ठेवली होती. एक पुण्याचा तळ, दुसरा आमचा सांबऱ्याचा. कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी त्याच दिवशी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तरीही तिथे उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं रात्री त्याच फुटक्या धावपट्टीवरून निसटली आणि कराचीला पोचली. १९ तारखेला गोवा मोकळा झाला. सांबरा बेळगावच्या पूर्वेला, आमचं बेळगुंदी गाव पश्चिमेला, मधे सगळं शहर. तरी ‘आपल्या सांबऱ्याचं विमान’ म्हणायला आम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. आज तिथे एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे, प्रवासी विमानतळ आहे, आणि हंटर इतिहासात गेलं आहे.

या पुस्तिकेत ते विमान आहे, पण बहात्तराव्या हिश्श्याएवढं. खऱ्या हंटरची लांबी सुमारे १३ मीटर ९८ सेंटिमीटर, पंखांचा पसारा १० मीटर २६ सेंटिमीटर. बहात्तराने भागलं की लांबी १९४ मिलिमीटर आणि पसारा साधारण १४२ मिलिमीटर उरतो, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. खोक्यातल्या चित्राबरहुकूम जोडून मोकळं होणं सोपं आहे, शाळेतलं पोरही एका रविवारी उरकतं. ही पुस्तिका त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी आहे. जे मिळालं आहे ते सुधारायचं कसं, आणि त्याआधी, त्यात सुधारण्याजोगं काय आहे हे ओळखायचं कसं.

बहात्तर हा आकडा कुठून आला हे थोडक्यात सांगतो, कारण पुढे सगळे हिशेब त्याच्यावरच आहेत. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. सहा फुटी माणूस एक इंचाचा दाखवला की झाला १/७२. इंग्लंडमध्ये १९३२ साली ‘स्कायबर्ड्स’ नावाने लाकडी विमानांचे संच निघाले, ते या मापाचे होते. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ने ‘पेंग्विन’ मालिकेत प्लॅस्टिकचे संच काढले, तेही याच मापाचे. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावं म्हणून अमेरिकेतल्या शाळकरी मुलांकडून हजारो लाकडी नमुने करवून घेतले गेले, आणि तिथेही माप तेच राहिलं. ‘एअरफिक्स’चं पहिलं विमान, स्पिटफायर, १९५० च्या दशकातलं. त्यानंतर हे माप जगभर रुळलं ते कायमचं. १/४८ मध्ये हंटर २९ सेंटिमीटरचं होतं, काम करायला बोटांना जागा मिळते, पण कपाट लवकर भरतं. पुस्तिकेतलं सगळं १/७२ धरून लिहिलं आहे. १/४८ वाल्यांनी आपापले भागाकार करावेत.

आता मूळ मुद्दा. मी पोटापाण्यासाठी पॅटर्नचं काम केलं. बेळगाव म्हणजे कुंदा एवढंच बाहेरच्यांना माहीत असतं, पण उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, आणि ओतकामाच्या आधी लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा पॅटर्न करणारे लोक आहेत. पॅटर्नवाला कधीच वस्तूच्या मापाचा पॅटर्न करत नाही. बीड गार होताना आकसतं, शेकडा एकाच्या आसपास. पोलाद साधारण दोन टक्के आकसतं. म्हणून आमची फूटपट्टीच वेगळी असते, आकसण्याचा हिशेब धरून वाढवलेली. शिवाय पॅटर्न वाळूतून वर ओढताना कडा मोडू नयेत म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. त्याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो. साचा दोन अर्ध्यांचा, म्हणून ओतीव वस्तूवर दोन अर्धे जिथे मिळतात तिथे रेघ येते, ती पार्टिंग लाइन. हे ज्याच्या हातात मुरलं आहे त्याला प्लॅस्टिकच्या विमानाचं खोकं उघडल्यावर नवीन काही दिसत नाही. वाळूच्या जागी पोलादाचा साचा, बिडाच्या जागी पॉलिस्टायरीन. तेही अर्धा टक्का आकसतंच. १९४ मिलिमीटरच्या हंटरमध्ये तो फरक एक मिलिमीटरच्या आसपास जातो आणि साचा करणाऱ्याने तो आधीच धरलेला असतो.

तेव्हा या पुस्तिकेचा सगळा डोलारा एका भेदावर उभा आहे. संचातल्या काही खोडी साच्याच्या सक्तीने आलेल्या असतात, आणि काही साचा करणाऱ्याला विमान नीट माहीत नसल्याने. पहिल्या प्रकारच्या खोडी प्रत्येक संचात असतात, कितीही महागडा घ्या. त्या का आल्या हे कळलं की त्या कुठे शोधायच्या हे आपोआप कळतं. दुसऱ्या प्रकारासाठी विमानाचा अभ्यास लागतो. हौशी माणसं बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मागे लागतात. नाकाचा बाक अर्ध्या मिलिमीटरने चुकला म्हणून तासन्‌तास वाद घालतात, आणि त्यांच्याच विमानाच्या पाठीवरून पार्टिंग लाइन रेल्वेच्या रुळासारखी गेलेली असते.

सक्तीच्या खोडी एकेक पाहू. पंखाची मागची कड घ्या. खरी कड काही मिलिमीटरची, जवळजवळ धारच. पण वितळलेलं प्लॅस्टिक फार बारीक फटीत शिरत नाही, त्यामुळे संचातली कड जाड येते. एक मिलिमीटर जाडी म्हणजे खऱ्या विमानावर ७२ मिलिमीटर, चार बोटं. इलाज सोपा आहे. पंखाचे वरचे आणि खालचे भाग जोडायच्या आधी दोन्ही आतून घासून कडेला पातळ करायचे. जोडल्यावर बाहेरून घासलं तर वरचे बारकावे जातात. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यामुळे विमान खेळण्यातून उठून शोकेसात जातं.

साच्यातून भाग बाहेर ढकलायला पिना असतात. त्यांच्या गोल खुणा चाकांच्या दारांच्या आतल्या अंगाला हमखास सापडतात. जिथे प्लॅस्टिक जाड तिथे ते आत ओढलं जातं आणि वर खळगा पडतो. जोडणीच्या खुंट्यांच्या पाठीमागे बोट फिरवून बघा. आणि साचा सरळ एका दिशेनेच उघडतो, आडव्या पोकळ्या त्याला करता येत नाहीत. हंटरच्या नाकात चार एडन तोफा आहेत, ३० मिलिमीटरच्या. विमानाचं धड डाव्या-उजव्या अर्ध्यांत ओतलेलं, साचा बाजूला उघडणारा, आणि तोफांची तोंडं समोर. म्हणून जुन्या संचांत ती भरीव येतात. ३० ला ७२ ने भागा : ०.४२ मिलिमीटर. औषधाच्या दुकानातली २२ नंबरची इंजेक्शनची सुई आतून साधारण ०.४१ मिलिमीटर असते. एवढा जुळून आलेला हिशेब आयुष्यात फारदा मिळत नाही. सुईचं टोक घासून सपाट करायचं, चार तुकडे कापायचे (डोळ्यांवर चष्मा लावून, तुकडे उडतात), आणि ड्रिलने केलेल्या भोकांत बसवायचे. किती आत ठेवायचं ते फोटो बघून. हंटरच्या तोफांची तोंडं कातडीच्या आतल्या खाचेत असतात, पुढे डोकावत नाहीत.

तोफांचा विषय निघाला म्हणून एक गंमत. हंटरच्या चारही तोफा आणि त्यांचा दारूगोळा एकाच पेटीत बसवलेला असे. विमान उतरलं की ती पेटी खाली काढून दुसरी भरलेली चढवायची, काही मिनिटांचं काम. काडतुसांच्या सुट्या कड्या बाहेर पडून विमानाला लागू नयेत म्हणून नाकाखाली दोन फुगीर डबे लावले. इंग्रज वैमानिकांनी त्यांना त्या काळच्या एका नटीचं, सब्रिनाचं, नाव दिलं. का, ते फोटो पाहिला की समजतं. मापात पाहिलं तर या डब्यांचा आकार म्हणजे हंटरचा चेहरा आहे, त्यामुळे त्यांच्यामागची सांध्याची भेग भरताना काटेकोर राहावं.

पत्र्यांच्या जोडाच्या रेघा हा या छंदातला सगळ्यात मोठा वाद. खऱ्या विमानावर दोन पत्र्यांतली फट एक-दोन मिलिमीटर. बहात्तराने भागली की डोळ्याला दिसणारच नाही. संचातली रेघ साधारण ०.२ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात दीड सेंटिमीटरची फट. असं विमान आकाशात गेलं असतं तर पहिल्याच वळणाला शिट्टी वाजवत उतरलं असतं. तरी रेघ लागते, कारण ती नसली तर विमान साबणाची वडी दिसतं. म्हणजे ही रेघ चित्रकाराची आहे, अभियंत्याची नाही. जुन्या संचांत रेघा वर उठलेल्या असत. त्याचं कारणही साच्यात आहे. पोलादावर सुईने चर मारणं सोपं, आणि साच्यातला चर म्हणजे प्लॅस्टिकवर उठाव. आत गेलेली रेघ हवी तर साच्यात उठाव ठेवून आजूबाजूचं सगळं पोलाद खोदावं लागतं. पुढे यंत्रं सुधारली, आणि आजचे संच आत कोरलेल्या रेघांचे येतात. जुन्या संचावर उठाव घासून टाकून पुन्हा रेघा मारायच्या की उठावच ठेवायचा, यावर माझं मत स्पष्ट आहे. धडावर आणि पंखांवर मारा, पण एका बैठकीत सगळ्या मारू नका. दुसऱ्या तासानंतर हात घसरतो आणि घसरलेली रेघ भरून पुन्हा मारण्यात तिसरा तास जातो. यासाठी धातूची पट्टी नको, ती वळत नाही. प्लॅस्टिकची जाड चिकटपट्टी कडेला लावून सुई ओढावी.

दुसऱ्या प्रकारच्या खोडींसाठी विमान समजून घ्यावं लागतं. भारताने १९५७ साली १६० हंटरची मागणी नोंदवली. ही एफ.५६ जातीची, ब्रिटिश एफ.६ वर बेतलेली, आणि त्यांना BA२०१ ते BA३६० असे क्रमांक मिळाले. संच बहुधा एफ.६ चे किंवा नंतरच्या एफजीए.९ चे मिळतात. एफ.५६ ला उतरताना वेग मोडायला शेपटाशी छोटं पॅराशूट होतं, ते ब्रिटिश एफ.६ ला नव्हतं. म्हणून एफ.६ चा संच घेतला तर शेपटाजवळचा आवरणाचा फुगवटा आपल्याला करावा लागतो, किंवा एफजीए.९ चा संच शोधावा लागतो. विमान एकच आहे, देश बदलला की शेपूट बदलतं. हे न बघता केशरी-पांढरं-हिरवं चक्र चिकटवून ‘भारतीय हंटर’ म्हणून मिरवणारी मॉडेलं प्रदर्शनांत कमी नाहीत.

अजून एक हंटरची खोड सांगतो, कारण तिच्यात बरेच जण फसतात. धडाच्या पोटाखाली मागच्या बाजूला एअरब्रेक आहे. संचात तो उघडाही लावता येतो, आणि उघडा छान दिसतो, म्हणून लोक उघडतात. पण चाकं बाहेर असताना हंटरचा एअरब्रेक वापरता येत नसे, उतरताना त्याचा उपयोग नव्हता. उभ्या विमानाला तो बंद दाखवा. उघडा दाखवायचा असला तर सोबत शिडी, कॉलर वर केलेला मेकॅनिक आणि जमिनीवर अवजारांची पेटी दाखवा, म्हणजे दुरुस्ती चालली आहे असं तरी म्हणता येईल.

फोटो बघताना एक नियम पाळावा. आधी विमानाचा क्रमांक निवडायचा आणि मग त्याचे फोटो शोधायचे, असं करू नये. दोन्ही बाजूंचे फोटो हाताशी आहेत असं विमान आधी शोधा आणि मग त्याचाच क्रमांक लिहा. दिल्लीच्या पालम संग्रहालयात हंटर जवळून पाहता येतं. चाकांच्या कप्प्यातल्या नळ्या, पंखाच्या पुढच्या कडेतला दात, हवा आत घेणाऱ्या तोंडातली खोली, हे फोटोपेक्षा प्रत्यक्षात लवकर कळतं. मात्र संग्रहालयातला रंग पाहू नये. तिथलं विमान किती वेळा रंगवलं आहे याचा हिशेब रंगारीच जाणे. गोव्यात वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉक आणि अलिझे उघड्यावर उभी आहेत. त्यांतल्या सी हॉकवर त्या काळच्या ब्रिटिश बनावटीच्या जेटची चाकं, रिव्हेट आणि पत्रे कसे असत ते बेळगावकरांना पाहायला ती जागा सोयीची.

पैशाचं बोलायला हवं. २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात जकात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. लहान मापाची मॉडेलं जकातीच्या यादीत खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. म्हणजे सत्तरीतला निवृत्त माणूस हंटर जोडत असला तरी सरकारच्या लेखी तो बाहुली खेळतो. परिणाम असा की नवा, अचूक, पाचशे भागांचा संच आपल्याकडे महाग पडतो आणि जुना संच परवडतो. जुन्या संचात सुधारणा जास्त लागते. त्यामुळे सुधारण्याची विद्या आपल्याकडे हौसेपेक्षा गरजेतून येते, आणि मला ते वाईट वाटत नाही. जुन्या साच्यांचं आयुष्य हाही एक विषय आहे. ‘फ्रॉग’ बंद पडली तेव्हा तिचे कित्येक साचे सोव्हिएत रशियात गेले आणि त्यांतून ‘नोवो’ नावाने संच निघाले. ‘एअरफिक्स’ २००६ मध्ये ‘हॉर्नबी’कडे गेली. आमच्या फाउंड्रीच्या माळ्यावरही बंद झालेल्या गिऱ्हाइकांचे पॅटर्न पडून असत. मालक बदलतात, साचे राहतात.

साहित्याबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, इथे एवढंच की निम्मं साहित्य बाजारपेठेत मिळतं. भेगा भरायला गाडीच्या पेंटिंगवाल्याची लांबी चालते, फक्त ती पातळ थरांत भरावी. घासायला वॉटर पेपर, ४०० पासून २००० पर्यंत, आणि नेहमी ओला. आसनाचे पट्टे करायला गोळ्यांच्या पाकिटावरची चांदी. तारेला गिटारची बारीक तार. नाकात वजन घालायला मासे पकडायच्या गळाचं शिसं. वजन घालायला विसरलात तर विमान शेपटावर बसतं आणि तोवर धड चिकटलेलं असतं. प्लॅस्टिकचा गोंद मात्र फेविकॉलसारखा चिकटत नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो, वेल्डिंगसारखं. म्हणून तो रंगावर लावून उपयोग नाही, रंग खरवडूनच लावावा. धातूच्या किंवा रेझिनच्या सुट्या भागांना तो चालत नाही, तिथे फेविक्विक.

बेळगुंदीत पावसाचा एक वेगळा धडा आहे. जून ते सप्टेंबर राकसकोपच्या बाजूने ढग उतरतात आणि भिंती घाम गाळतात. अशा हवेत लॅकर उडवला की पृष्ठभागावर पांढरी धुरकट साय येते, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी तिथे बसतं. कंप्रेसरच्या नळीतही पाणी साठतं आणि ऐन वेळी रंगाबरोबर थेंब फेकले जातात. नळीत पाणी अडवणारा गाळक लावल्याशिवाय पावसाळ्यात एअरब्रश धरू नये. घरातल्या बायकांनी पापड घालायचे महिने ठरवून ठेवले आहेत, आपण त्याच पंचांगाने रंग द्यावा. घासणं, रेघा मारणं, कॉकपिट करणं हे आषाढ-श्रावणात, रंग दिवाळीनंतर.

रंगाचं म्हणाल तर भारतीय हंटर वरून गडद हिरव्या आणि करड्या पट्ट्यांचं, ब्रिटिश पद्धतीचं. चक्र बाहेरून केशरी, मधे पांढरं, आत हिरवं. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ, १९५० पर्यंत, त्या जागी निळं अशोकचक्र होतं, पण ते हंटरच्या आधीचं. घरच्या छपाईयंत्रावर डेकल, म्हणजे विमानावर चिकटवायची छापील चिन्हं, काढणाऱ्यांची पहिली अडचण पांढऱ्या रंगाची. यंत्र पांढरी शाई छापत नाही. पारदर्शक कागदावर छापलं की चक्रातली पांढरी कडी खालच्या हिरव्यातून नाहीशी होते. पांढऱ्या पाठीच्या डेकल कागदावर छापून गोल कापावं, कापायला पंच मिळाला तर उत्तम. डेकल लावण्याआधी विमानाला चकाकी द्यावी, मॅट पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि चांदीसारखी चमकते.

झिजवण्याच्या हौसेवर मी पुस्तिकेत कडक लिहिलं आहे आणि ते कमी करायला मी तयार नाही. हल्ली प्रत्येक विमान गंजलेल्या टिपाडासारखं रंगवतात, प्रत्येक रेघेत काळं पाणी सोडतात. १९६१ मध्ये हंटर हवाई दलात येऊन चारच वर्षं झाली होती. मेकॅनिकच्या हातून रोज पुसलं जाणारं, सरकारच्या मोठ्या खर्चाचं, त्या काळचं अव्वल विमान. तोफांच्या तोंडाशी काजळी, चाकांच्या कप्प्यात तेलाचा डाग, पंखाच्या मुळाशी बुटांनी घासलेला रंग, एवढं पुरे. १९७१ मध्ये लोंगेवाल्यात जैसलमेरहून उडून रणगाडे फोडणाऱ्या हंटरांना वाळवंटाची धूळ दाखवली तर ती शोभते, कारण तिथे ती होती. सांबऱ्याच्या हंटरला लावू नका.

कुठे थांबायचं यावर मित्रांशी माझा वाद आहे. त्यांचं म्हणणं, जे कळलं ते दुरुस्त केलंच पाहिजे. माझा हिशेब वेगळा आहे. साच्याच्या सक्तीची प्रत्येक खोड काढावी, ती काढायला फक्त कष्ट लागतात. आकाराची चूक मात्र तेव्हाच काढावी, जेव्हा हातभर अंतरावरून ती दिसते. मी पॅटर्न करत होतो तेव्हाही असंच होतं. मशीनिंगला जाणाऱ्या बाजूला जास्तीचा माल सोडायचा आणि जिथे कुणी हात लावणार नाही तिथे चकाकी आणत बसायचं नाही. चुलती एकदा टेबलाशी उभी राहून म्हणाली होती, “एवढं बारकं करून कुणाला दाखवणार?” कॉकपिटच्या तळाशी मी जे स्विच लावत होतो ते काच बसल्यावर मलाही दिसणार नव्हते. तरी ते मी लावले, त्याला कारण नाही. या पुस्तिकेतल्या नियमांना असे अपवाद वाचकाने आपले आपण करावेत.

पहिलं प्रकरण भाग धुण्याचं आहे. साच्याला तेलकट लेप असतो, तो राहिला तर रंग सुटतो. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि मऊ पडलेला जुना टूथब्रश घ्या, भाग ज्या प्लॅस्टिकच्या जाळीला जोडून येतात तिच्यावरून तोडू नका, आणि मोरीच्या भोकावर गाळणं ठेवा.

बेळगुंदी